बुरशीची रूपरेषा वगळण्यात यावी

३ जुलै, गुरुवार

सकाळी पान उघडलं तर डोक्यावर लाल चौकट. 'हे पान वगळण्यात यावे असा प्रस्ताव आहे. चर्चा सात दिवस खुली राहील.' चहा तसाच गार झाला.

चार महिने! चार महिने मी 'बुरशीची रूपरेषा' रचते आहे. या ऑनलाइन ज्ञानकोशात बुरशीवर मराठी लेख आहेत, पण इथे एक, तिथे एक, जत्रेत हरवलेल्या पोरांसारखे. कोण कुणाचं, कोण कुणाखाली, काही पत्ता नाही. मी त्यांना घर बांधून देत होते. नऊ मुख्य शीर्षकं, त्यांखाली पोटशीर्षकं, त्यांच्याही पोटात आणखी. एका नजरेत सगळा विषय दिसावा असं.

प्रस्ताव मांडणाऱ्याचं सदस्यनाम 'पोफळ'. सुपारीचं झाड. उंच, सरळ आणि सावलीच्या नावाने शंख. त्याचं म्हणणं जसंच्या तसं उतरवते, म्हणजे राग ताजा राहील: 'अनुक्रमणिका आहे, पुस्तक नाही. निम्म्याहून अधिक दुवे लाल. मांडणीही जागोजागी चुकीची. वनस्पतींच्या रूपरेषेत एक ओळ पुरे.'

एक ओळ! आणि तीही वनस्पतींत! बुरशी वनस्पती नाही, हे शाळेतल्या पोरांना माहीत आहे.

एकतीस वर्षं संशोधन संस्थेत बुरशीच्या वाळवलेल्या नमुन्यांची कपाटं लावली. पाकिटं, चिठ्ठ्या, याद्या, सगळं माझ्या हातचं. छापून आलं ते डॉक्टरसाहेबांच्या नावावर. मला निवृत्तीला शाल. बंगळुरात शाल! हे पहिलं पान, ज्याच्या इतिहासात ओळीओळीपुढे माझं सदस्यनाम आहे. ते मी कुणाला एका ओळीत कोंबू देणार नाही.

सात दिवस.

४ जुलै

उत्तर लिहिलं. चांगलं लांब. लिहिताना मजा आली, खोटं कशाला बोलू. 'वनस्पतीत बुरशी घालणाऱ्या मठ्ठ माणसाने दुसऱ्याच्या मांडणीच्या चुका काढू नयेत' इथे शेवट केला.

दुपारपर्यंत ज्ञानकोश सांभाळणाऱ्या प्रचालकांची सूचना: 'मठ्ठ' काढा, सभ्यता पाळा, नाहीतर संपादन बंद करू.

'मठ्ठ' काढलं. 'अल्पज्ञ' घातलं. त्याला काही म्हणाले नाहीत.

पोफळचं उत्तर एका ओळीचं: 'महोदय, माझ्या बुद्धीबद्दल नंतर बोलू. लाल दुवे मोजलेत का?'

मी त्याला कळवलं की मी महोदया आहे.

सु. स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. (मी बोलत बोलत लिहिते, त्याला काय करणार.) ही माझ्या धाकट्या भावाची बायको. तो गेल्यापासून या बनशंकरीच्या घरात आम्ही दोघीच. सु. निपाणीची, आवाज खणखणीत. "अक्का, त्या बाबाचं तोंड बघितलं न्हाई, नाव ठाऊक न्हाई, आणि सवतीसारखं भांडालायसा की!"

५ जुलै, शनि.

मोजले. एकशे बारा दुवे. त्यातले सत्तर लाल, लेखच नसलेले. म्हणजे सत्तर ठिकाणी दार आहे आणि दारामागे खोलीच नाही.

मेला बरोबर आहे.

शाळेत सिस्टर अॅग्नेस निबंधाआधी रूपरेषा करायला लावायच्या. एक-दोन-तीन, त्याखाली अ-ब-क. 'अ' असेल तर 'ब' असलाच पाहिजे, एकटा 'अ' दिसला की पट्टी. मी तेवढंच शिकले आणि त्यातच रमले. निबंध लिहायची वेळ आली की माझा तास संपलेला असायचा. नोकरीत कपाटांत रमले तेही असंच. आणि आता हे. शाळेत मराठी नव्हतीच. मराठी बाबांनी घरी शिकवली, जेवणानंतर, पाटीवर. मराठीत लेख लिहायची धास्ती होती, म्हणून चार महिने नुसती शीर्षकंच रचत बसले. हे आज पहिल्यांदा कागदावर कबूल करते आहे.

तर ठरलं. रोज लेख लिहायचे. छोटे, पण खरे.

पहिला: दगडफूल. सु.ने मसाल्याचा डबा समोर आणून ठेवला. "ह्यात काय लिवायचं? गोड्या मसाल्याला चिमूटभर लागतंय, जास्ती झालं की कडू." ते मी लिहिलं. मग लिहिलं की हे फूल नव्हे, दगडाचं तर नव्हेच. बुरशी आणि शैवाल असा दोघांचा एकत्र संसार. शैवाल उन्हात अन्न करतं, बुरशी घर देते. सु. म्हणाली, "मग शैवालच राबतंय म्हणा की." तिला चाळीस वर्षं मसाल्यात घालत असलेली वस्तू एकदम परकी वाटायला लागली. डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत होती.

संध्याकाळपर्यंत तीन लेख! दगडफूल, किण्व (पाव फुगवणारी बुरशी), आणि भिंतीवरची काळी बुरशी. तीन दुवे निळे झाले. निळा रंग इतका सुंदर असतो हे मला कधी...

पाठ धरली आहे. पर्वा नाही.

६ जुलै

चार लेख. नवे निळे एकूण सात. चर्चेत 'ठेवावे' म्हणणारी दोन मतं, 'विलीन करावे' (म्हणजे वनस्पतींच्या पानात) एक. पोफळ गप्प होता म्हणून जरा शेखी मिरवणारी ओळ टाकली: 'पुस्तक लिहिलं जात आहे.'

तासाभरात आला. या वेळी चांगला लांब. थोडक्यात असं: त्याची कोकणात सुपारीची बाग आहे. पावसाळ्यात कोळेरोग येतो, कोवळी सुपारी कुजून पडते. माझ्या रूपरेषेत सातव्या शीर्षकाखाली 'पिकांवरील बुरशी' आहे आणि त्यात कोळेरोग आहे. 'महोदया, तो बुरशीने होत नाही. आमच्या शेजाऱ्याने बुरशी समजून बुरशीचं भलतंच औषध आणून फवारलं. निम्मी सुपारी खाली. त्याने कुठे वाचलं मला माहीत नाही, तुमच्या पानावर नसेल. पण उद्या तुमच्या पानावर वाचणारा कुणीतरी असेलच. चुकीची रूपरेषा असण्यापेक्षा नसलेली बरी.'

मी एकतीस वर्षं कोळेरोगाच्या नमुन्यांवर चिठ्ठ्या लावल्या! मलनाडातून, कर्नाटकातल्या सुपारीच्या डोंगराळ भागातून, पोतीच्या पोती यायची. हा मला शिकवणार?

सु.ला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. "शेजाऱ्याची सुपारी पडली व्हय?" एवढंच म्हणाली. मग जरा वेळाने, "वरीसभराचं पीक."

उत्तर लिहायला बसले होते. लिहिलं नाही.

७ जुलै, सोम.

पाच तास वाचलं. डोळे गेले. पण काय दिवस!

तो बरोबर आहे. कोळेरोग आणणारी ही बुरशीसारखी दिसते, बुरशीसारखे धागे टाकते, बुरशीसारखं कुजवते, पण बुरशी नव्हे. पाणबुरशी म्हणतात तिला, म्हणजे नाव ठेवणाऱ्यानेही फसवलं आहे. खऱ्या बुरशीच्या पेशींच्या भिंतीत झिंग्याच्या कवचातलं द्रव्य असतं. हिच्या भिंतीत गवतातलं. हिची सख्खी भावंडं समुद्रातलं तपकिरी शेवाळ! म्हणजे मलनाडातल्या सुपारीवर कुजवत बसलेल्या या बयेचं गोत समुद्रात, आणि भिंतीवरची काळी बुरशी तिच्यापेक्षा मला जास्त जवळची. अक्षरशः. बुरशी आणि प्राणी एका फांदीवरचे.

म्हणूनच काही औषधं हिला लागूच पडत नाहीत. ज्या द्रव्यावर ती घाला घालतात, ते हिच्यात नाहीच. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण लागू पडतं, कारण मोरचुदाला गोत कळत नाही.

म्हणजे कोण कुणाखाली लिहिलंय, यावर कुणाचं तरी वर्षाचं पीक. मी आजवर मांडणी म्हणजे टापटीप समजत होते.

खाली जाऊन शेजारच्या रत्नम्मांनाही सांगून आले. त्या दारात रांगोळी घालत होत्या. "सरी, सरी," (बरं, बरं) म्हणाल्या आणि ठिपके मोजत राहिल्या. असू दे.

एक मात्र डोक्यातून जात नाही. पूर्वी सगळेच हिला बुरशीत धरायचे, कबूल. पण संस्थेत बाहेरून आलेल्या एका विदुषीने ती वेगळी काढून लावली होती, असं पुसटसं आठवतं. मग ती माझ्या कपाट सातमध्ये परत आली कशी? उद्या पद्माकडे.

८ जुलै

के. आर. पुरमला मेट्रोने. मॅजेस्टिकला बदलताना जिने, सरकते जिने, पुन्हा जिने. पद्मा संस्थेत माझ्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं. गुडघे गेले आहेत, स्मरणशक्ती नाही. तिच्याशी कन्नडात बोलते, इथे मराठीत उतरवते आहे.

कपाट सातचं विचारलं. आधी दोशाचं पीठ झाकून आली, मग बसली, मग हसायला लागली.

"अय्यो लीला, विसरलीस? त्या पावसाळ्यात मागची भिंत गळत होती. त्या बाईंनी वेगळं काढलेलं कपाट भिंतीलाच होतं. पाकिटं ओली व्हायला लागली. साहेब म्हणाले, जागा असेल तिथे ठेवा. सातचा खालचा कप्पा रिकामा होता."

"आणि भिंत सुकल्यावर?"

"भिंत सुकली. पण तोपर्यंत तू सुरेख अक्षरात चिठ्ठी लावली होतीस. काळी शाई, खाली रेघ. ते अक्षर बघून कुणाची हिंमत हलवायची?"

ती पुढे म्हणाली, "नंतर विद्यार्थी यायचे ना, तुझ्या चिठ्ठ्याच वहीत उतरवून न्यायचे. मी बघायची."

मग मी विचारलं, संस्थेत बुरशीची कपाटं किती होती गं? मला उत्तर माहीत होतं. तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"नऊ."

माझी मुख्य शीर्षकं नऊ.

मी बुरशीची रूपरेषा केलीच नव्हती. मी त्या खोलीची केली होती. दारातून शिरल्यावर डावीकडून उजवीकडे. 'मोठ्या आकाराच्या बुरशी' असं चौथं शीर्षक का? कारण चौथ्या कपाटाचे कप्पे उंच होते! पाकिटात न मावणारी सगळी भूछत्रं आणि झाडांवरचे बुरशीचे कान तिथे. आकाराने मोठ्या, म्हणून एका घरात. जसं उंच माणसांची एक जात करावी!

परतीच्या मेट्रोत मी मोठ्याने हसले. समोरच्या कॉलेजातल्या मुलीने कानातलं काढून पाहिलं. "अज्जी, आर यू ओके?" मी म्हटलं, स्वल्प उशिरा कळलं, एवढंच.

९ जुलै, बुध.

सहाला उठले. एक मोठा कागद जमिनीवर पसरला (जुन्या कॅलेंडरची पाठ), पेन्सिल घेतली. कपाटं मोडली. सगळी पाकिटं मनातल्या मनात जमिनीवर ओतली आणि पुन्हा लावायला लागले. या वेळी कोण कुणाची लेक, तेवढंच बघायचं. उंची नाही, कप्पा नाही, भिंत नाही.

नवाची पाच झाली. 'मोठ्या आकाराच्या' फुटलं आणि तीन घरांत गेलं. पाणबुरशी बाहेर, चिकट बुरशी बाहेर (तीही बुरशी नव्हे, नावं ठेवणाऱ्यांना एका रांगेत उभं करायला हवं). एका ठिकाणी एकटा 'अ' उरला, 'ब' नाही. सिस्टरांची पट्टी आठवली. मग तसाच ठेवला. निसर्गाला एकच झालं तर मी दुसरं कुठून आणू?

एकूण दुवे एकशे बाराचे सत्तर झाले. त्यातले एकेचाळीस निळे.

आता प्रश्न. नुसतं बदलून गप्प बसायचं, की चर्चेत सांगायचं? मतं तीन-दोन आहेत, माझ्या बाजूने. जुनी मांडणी कपाटांवरून घेतली होती असं मीच सांगितलं, तर पोफळचं म्हणणं मीच सिद्ध केलं. तिनाची दोन व्हायला वेळ लागत नाही.

सु. म्हणाली, "सांगितलासा तर उडवतील की हो पान. कोण विचारतंय तुम्हाला?"

कुणीच नाही. हाच तर मुद्दा. पद्मालाही कुणी विचारलं नव्हतं. चिठ्ठ्यांवरून उतरवून नेणाऱ्या त्या विद्यार्थ्यांनीही नाही.

"आणि पान गेलं मग?"

"गेलं तर गेलं."

"मग चार दिस माझा जीव का खाल्लासा?"

दुपारी तीनला लिहिलं. भिंत, गळती, सातचा कप्पा, माझं अक्षर, सगळं. 'पूर्वीची मांडणी शास्त्राची नव्हती, एका खोलीची होती. ती चूक माझी. सदस्य पोफळ यांचा आक्षेप योग्य होता. "अल्पज्ञ" हा शब्द मागे घेते.' शेवटचं वाक्य लिहिताना दात दुखले, पण लिहिलं.

'प्रकाशित करा' दाबलं आणि गच्चीवर गेले. कपडे वाळले नव्हते. तरी काढले.

१० जुलै, गुरु.

शेवटचा दिवस. एकाने मत फिरवलं. 'संपादिकेनेच चूक मान्य केली आहे, तेव्हा विलीन करावे.' दोन-तीन.

कपाळावर हात मारला. मग आणखी दोन लेख लिहिले. निळे त्रेचाळीस.

संध्याकाळी दूरच्या कुणा शिक्षिकेचं मत: 'ठेवावे. नव्या मांडणीवरून मी वर्गात तक्ता केला.' तीन-तीन. तक्ता केला! कुठल्या तरी शाळेत कुठल्या तरी भिंतीवर या क्षणी... मी सु.ला मिठी मारली, तिच्या हाताला कणीक होती.

पोफळने प्रस्ताव मागे घेतलेला नाही. ठेवा असंही म्हटलेलं नाही. माझ्या कबुलीखाली एवढंच लिहिलंय: 'पाणबुरशी तुमच्या घरातून काढलीत, ठीक. आता तिचं घर कुठे? कोळेरोगाचा दुवा अजून लाल आहे.'

सात दिवस संपले. प्रचालकांनी निर्णय दिलेला नाही. चौकट अजून डोक्यावर.

११ जुलै

निर्णय नाही. प्रचालकांना विचारलं तर म्हणे, मतं समसमान, विचार चालू आहे. करा विचार.

सकाळी 'कोळेरोग' हा लेख सुरू केला. पाच वाक्यं. दुसरं होतं: 'पावसाळ्यात सुपारीच्या घोसांवर डाग पडून फळे गळतात.' चार मिनिटांत पोफळने ते उडवलं! चार मिनिटांत! माणूस टपून बसलाय. चर्चापानावर टोमणा: 'आधी डाग, मग पांढरी भुकटी, मग गळ. पोफळीवर चढून पाहिलंय का कधी?'

मी लिहिलं: 'सूक्ष्मदर्शकातून पाहिलंय. तुम्ही पाहिलंय का?'

'नाही. काय दिसतं?'

सांगितलं. लिंबाच्या आकाराच्या पिशव्या, एका टोकाला गाठ. पाण्याचा थेंब मिळाला की फुटतात, आतून पोहणारे बारीक जीव बाहेर. थेंबातून थेंबात. दहा मिनिटांनी: 'म्हणजे सतत पावसात फवारून उपयोग नाही हे आम्ही अनुभवाने म्हणतो, त्याचं कारण हे.' आणि तसं वाक्य त्याने लेखात घातलं. मी त्याची भाषा नीट केली. त्याने माझा एक शब्द बदलला. मी परत घातला. त्याने पुन्हा बदलला.

पाणबुरशीसाठी नवी रूपरेषा काढायला हवी. तिचं गोत निराळं, घर निराळं. पहिल्याचं ठरलेलं नाही आणि मी दुसरं मागायला निघाले आहे. त्याला विचारलं, याही पानावर चौकट लावणार का? म्हणाला, चुकलात तर लावीन.

सु. तिसऱ्यांदा हाक मारते आहे. भात निवाला असं म्हणते. निवू दे.

आत्ता पाहिलं, माझं चौथं वाक्यही बदललंय मेल्याने. आणि सुधारलंय. चष्मा कुठे ठेवला मी.